पुण्यातील पशुप्रदर्शनात भीमथडी घोडी कशी मांडावी?

आपल्याला पुण्यातील प्रदर्शनात भीमथडी घोडी दाखवायची आहे, आणि शेजारी साठ-बासष्ट इंची मारवाडी घोडे उभे असताना हिच्यापुढे कोणी थांबेल का, हिला सजवावे कसे, असा आपला प्रश्न आहे. माझे सरळ उत्तर असे की तिला सजवूच नये. तिच्या पाठीवर बिऱ्हाड लादून तिला उभी करावे.

पहिल्या वर्षी मीही तिला सजवण्याचीच चूक केली होती. माझी कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी रंगाची, घोडी खांद्याशी मोजली तर ५१ इंच भरते. तिला मी गोंड्यांची झूल, कपाळपट्टी आणि पायांत तोडे घालून शिवाजीनगरच्या मैदानावर उभी केली. दोन दिवस लोक येता-जाता ‘हे शिंगरू आहे का?’ एवढेच विचारत राहिले, आणि एका गृहस्थांनी तर लेकराला एक फेरी मारून आणण्याचे किती घेता, अशी चौकशी केली. दोष त्यांचा नव्हता. वरातीच्या घोड्याचा साज चढवला की लोक तिला वरातीच्याच मापाने मोजणार, आणि त्या मापात ती बुटकीच ठरणार.

दुसऱ्या वर्षी मी आमच्या भागातील एका धनगर मावशींना सोबत येण्याची विनंती केली. धनगरांच्या वाड्यात, म्हणजे फिरत्या तांड्यात, पुरुष मेंढरांमागे जातात, तर घोडी लादून बिऱ्हाड पुढच्या मुक्कामाला नेण्याचे काम बहुधा बायकांकडे असते, त्यामुळे ही विद्या त्यांच्याच हातात असते. मावशींनी आधी पोती आणि घडी घातलेले घोंगडे पाठीवर टाकले, दोन्ही बाजूंचे ओझे नुसत्या नजरेने तोलले, भांडी बांधली आणि सर्वांत वर दोन कोकरे बसवली. दोर आवळण्याच्या वेळी घोडी पोट फुगवते. मावशी बरगडीला गुडघा टेकवून गप्प उभ्या राहिल्या, आणि घोडीने श्वास सोडताक्षणी त्यांनी दोर खेचला. एवढ्यात भोवती दोन-तीन रांगांची गर्दी झाली होती, आणि कोकरे पाठीवर असताना ही घोडी घाट चढते हे ऐकल्यावर तिच्या उंचीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

फलकावर मजकूर थोडा, पण खरा असावा. थडी म्हणजे नदीकाठ. भीमेच्या काठावरची तट्टे ती भीमथडी. या तट्टांना यमुनेचे पाणी पाजल्याचा वाक्प्रचार सर्वांना ठाऊक असतो, परंतु तो ज्या जनावराविषयी आहे ते समोर उभे आहे, हे पुणेकरांना सांगावे लागते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, मराठ्यांच्या पागा मोडल्या आणि या घोड्याचा मोठा गिऱ्हाईक नाहीसा झाला. पुढे ही जात टिकली ती मुख्यतः मेंढपाळांच्या भटकंतीमुळे, आणि आता बिऱ्हाड टेम्पोतून जाऊ लागल्याने तोही आधार ढिला होतो आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली असून मारवाडी, काठेवाडी यांच्या पंक्तीत तिचे नाव आले आहे, हे अवश्य लिहावे. अमुक सरदाराच्या घोडीचे हे थेट वंशज, असे मात्र लिहू नये. तशी वंशावळ कोणापाशी नसते, आणि पुण्यात ती विचारणारा हमखास भेटतो.

आता तयारीविषयी. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी वेळेत करून घ्यावी आणि निर्दोष असल्याचा दाखला मिळेपर्यंत गाडी ठरवू नये. घोडी एकटी नेऊ नये, ओळखीचे दुसरे जनावर शेजारी असले की ती शांत राहते. जागा ध्वनिवर्धकापासून दूर आणि पाठीमागे भिंत किंवा कनात असलेली मागावी, म्हणजे मागून कोणी येऊन लाथ खाणार नाही. लोक प्रेमाने साखर, लाडू, भेळ काहीही तोंडापुढे धरतात. घोड्याला उलटी करता येत नाही आणि पोटशूळ जिवावर बेततो, म्हणून दोरीजवळ एक माणूस केवळ नको म्हणण्यासाठी ठेवावा. लादलेले ओझे अर्ध्या तासाने उतरवावे, पाठ चोळावी आणि पुढचा खेळ दुपारनंतर करावा. उन्हात दिवसभर लादून ठेवलेली घोडी पाहून लोक आपल्यालाच बोल लावतील आणि ते योग्यच असेल.

घरी परतल्यावर तिला दोन आठवडे इतर जनावरांपासून वेगळी बांधावी, आणि तिची बादली व अंग घासायचा खराराही वेगळाच ठेवावा.