डेप्थ १५ दिसते तरी इंजिन हरतंय? माझंही असंच झालं होतं

तुमच्या बुद्धिबळ इंजिनाबद्दलची (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) पोस्ट वाचली आणि माझे जुने दिवस आठवले. नल मूव्ह (आपली चाल सोडून समोरच्याला खेळू देऊन पाहणं), एलएमआर (यादीतल्या मागच्या चाली कमी खोलवर तपासणं) आणि फ्युटिलिटी (स्कोअर सुधारण्याची आशा नसलेल्या चाली सोडून देणं) या सर्च वेगवान करणाऱ्या युक्त्या एकाच वीकेंडला टाकल्या, डेप्थ (दोन्ही बाजूंच्या मिळून किती चाली पुढे पाहतं ते) ८ वरून १५ वर गेली आणि तरी इंजिन स्वतःच्याच जुन्या व्हर्जनकडून मार खातंय, बरोबर ना? अल्फा-बीटा (निरुपयोगी फांद्या कापत सर्च करायची मूळ पद्धत) तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

माझे दोन महिने एका ओळीने खाल्ले. एलएमआरमध्ये मागच्या चालींची डेप्थ कमी करायची, तर मी लूपच्या आत थेट डेप्थ व्हेरिएबलमधूनच वजा करत होतो! म्हणजे चौथ्या चालीला १ कमी, पाचवीला त्या कमी झालेल्यातून आणखी १, असं करत शेवटच्या चालींना सर्च उरतच नव्हता, सगळं थेट क्विसन्समध्ये (शेवटी मुख्यतः मारामारीच्या चालीच तपासणारा छोटा सर्च). री-सर्च (तीच चाल पूर्ण डेप्थने पुन्हा तपासणं) होता हो, अल्फाच्या (आतापर्यंतच्या सर्वोत्तम स्कोअरच्या) वर स्कोअर आला की पुन्हा चालायचा, पण तोही त्याच कापलेल्या डेप्थवर. क्रॅश नाही, एरर नाही, पर्फ्टही (शक्य चाली मोजून त्या नीट तयार होतात का हे बघणारी चाचणी) बरोबर (तिथे सर्चच नसतो म्हणा). आणि मी डेप्थचा आकडा बघून खूश, एका कच्च्या इंजिनशी दहा डाव खेळवले, आठ जिंकले, सगळ्यांना सांगून मोकळा.

शेवटी शांत चालीने सुरू होणारी ४ चालींत मात अशी पोझिशन घेतली. रिडक्शन बंद केलं की डेप्थ ८ ला दिसते, चालू केलं की १४ लाही नाही. मग प्रत्येक चालीला किती डेप्थ मिळतेय ते प्रिंट केलं आणि कपाळाला हात लावला.

माझं मत, पटलं तर घ्या: तिन्ही काढा, एकेक परत घाला. आधी नल मूव्ह, रिडक्शन २ (डेप्थ आणखी २ ने कमी). शह असताना नाही, लागोपाठ दोनदा नाही, नुसते राजा-प्यादी उरले असतील तर अजिबात नाही, झुगझ्वांगमध्ये (कुठलीही चाल केली तरी नुकसानच, अशी स्थिती) चाल सोडता आली तर तोच फायदा असतो, सगळं गणित उलटतं. एलएमआर मात्र मूव्ह ऑर्डरिंग (चांगल्या चाली आधी तपासायचा क्रम) धड नसेल तर घालूच नका, चांगली चाल मागे पडली की तीच कापली जाते. आणि दर बदलाला जुन्या व्हर्जनशी हजारो वेगवान डाव, तीच ओपनिंग दोन्ही रंगांनी. दहा-वीस डावांवरून काही म्हणजे काही कळत नाही.

माझं इंजिन छंदातलं आहे, फार भारी नाही, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. पण मोठ्या इंजिनांमधले आकडे जसेच्या तसे उचलू नका, ते त्यांच्या इव्हॅल्युएशनवर (पोझिशनला गुण द्यायच्या पद्धतीवर) ट्यून केलेले असतात.

जाता जाता, नल मूव्ह करताना आँ पासाँचा (दोन घरं पुढे आलेलं प्यादं लगेच पुढच्या चालीला बाजूच्या प्याद्याने मारायचा नियम) चौकोन पुसताय ना? हॅश की (पोझिशनची ओळख असलेला आकडा) मधूनही? मी नव्हतो पुसत, आपलंच प्यादं बोर्डावरून गायब व्हायचं.