अणुभट्टी सुरू होण्याआधी किरणोत्सार नसतोच, मग सुरक्षेची तयारी तपासतात कशी?

तुम्ही विचारलंय की नवी अणुभट्टी पहिल्यांदा सुरू करण्याआधी किरणोत्सार सुरक्षेची तयारी कशी तपासतात, आणि भट्टी थंड असताना तपासायला असतं तरी काय. तारापूर 3 आणि 4 सारख्या जड पाण्याच्या (जड हायड्रोजन असलेलं पाणी वापरणाऱ्या) भट्ट्या धरून उत्तर देतो. आपल्या देशातल्या बहुतेक भट्ट्या याच जातीच्या आहेत.

अडचण तुम्ही अचूक पकडली आहे. या काळात केंद्रातले सगळे मीटर निसर्गातलाच किरणोत्सार दाखवतात, ताशी साधारण 0.1 मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचं एकक). बिघडलेला मीटरही शून्याच्या आसपासच असतो. दोघांत डोळ्यांना फरक कळत नाही. त्यामुळे गप्प बसलेलं प्रत्येक उपकरण जिवंत आहे हे एकेक करून सिद्ध करणं, हेच मी या तपासणीतलं मुख्य काम मानतो.

भिंतींवरचे एरिया मॉनिटर, म्हणजे खोलीतला किरणोत्सार सतत मोजणारे मीटर घ्या. सीझियम-137 चा छोटा किरणोत्सारी स्रोत ठरलेल्या जिगमध्ये (अंतर पक्कं ठेवणाऱ्या साच्यात) बसवून डिटेक्टरसमोर धरतात. नुसत्या हातात धरून चालत नाही. अंतर 10 सेंटिमीटरऐवजी 11 झालं तरी रीडिंग 17 टक्क्यांनी उतरतं. शिवाय सीझियमचं अर्धायुष्य (ताकद निम्मी होण्याचा काळ) 30 वर्षं, म्हणजे स्रोताच्या ताकदीचं प्रमाणपत्र 10 वर्षांपूर्वीचं असेल तर स्रोताची ताकद आज 79 टक्केच उरलेली असते. हा हिशेब विसरला की मीटर कमी दाखवतोय असं वाटतं, कुणीतरी स्क्रू फिरवून तो वर नेतो, आणि मग तो कायम सव्वापट दाखवत राहतो.

त्याच वेळी दुसरा माणूस कंट्रोल रूममध्ये फोनवर हवा. स्रोत ज्या खोलीत धरलाय, त्याच खोलीचा नंबर पॅनेलवर पेटला का? नव्या केंद्रात केबलींची अदलाबदल हा नेहमीचा दोष आहे: पंपाच्या खोलीत स्रोत धरावा आणि अलार्म शेजारच्या खोलीचा वाजावा. खोलीबाहेरचा दिवा दार उघडण्याआधी दिसतो का, भोंगा पंखे चालू असताना ऐकू येतो का, हेही बघायचं. पंखे बंद ठेवून घेतलेली भोंग्याची चाचणी मी चाचणी मानत नाही. मग केबल मुद्दाम काढायची. मॉनिटरने शून्य दाखवून गप्प राहता कामा नये, 'फेल' म्हणून ओरडलंच पाहिजे. शेवटी मुख्य वीज तोडून बघायची: यूपीएसवर (बॅटरीच्या पर्यायी विजेवर) जाताना आपण लावलेल्या अलार्मच्या मर्यादा पुसून कारखान्यातल्या मूळ किमती तर आल्या नाहीत ना?

गायगर नळीच्या मीटरचा एक धोका वेगळा सांगायला हवा. फार तीव्र क्षेत्रात नळी गुदमरते आणि काटा खाली येतो, म्हणजे सर्वांत धोकादायक जागी मीटर सुरक्षित असल्याचं सांगतो. तसं होऊ नये म्हणून ओव्हरलोड झाल्यावर काटा वरच्या टोकालाच अडकून राहतो का, हे कॅलिब्रेशनच्या (मीटर प्रमाणाशी जुळवण्याच्या) प्रयोगशाळेत तीव्र स्रोतासमोर तपासून घ्यावं लागतं. जागेवरच्या छोट्या स्रोताने ते कधीच कळणार नाही.

चिमणीकडे जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरची परीक्षा जागेवरच घेतात. फिल्टरच्या अलीकडच्या बाजूला बारीक कणांचा धूर सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचं. गळती बहुधा फिल्टरच्या कागदातून होत नाही, चौकटीच्या गॅस्केटमधून होते. किरणोत्सारी आयोडीन पकडणारा कोळसा तर फारच नाजूक. रंगाची वाफ आणि दमट हवा तो शोषून घेतो आणि आयोडीनसाठी जागाच उरत नाही. नव्या इमारतीत शेवटच्या आठवड्यापर्यंत रंगकाम चालू असतं, म्हणून रंग पूर्ण वाळल्याशिवाय कोळसा भरू नये.

जड पाण्याच्या भट्टीत ट्रिशियमची (भट्टी चालताना जड पाण्यात बनणाऱ्या किरणोत्सारी हायड्रोजनची) तयारी वेगळी करावी लागते. त्याचा बीटा कण इतका दुबळा (जास्तीत जास्त 18.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) की छातीवरच्या टीएलडी बिल्ल्याला (कामगाराला मिळालेला किरणोत्सार नोंदवणाऱ्या बिल्ल्याला) तो दिसतच नाही. शरीरात शिरलेला ट्रिशियम लघवीच्या नमुन्यातूनच कळतो. म्हणून नंतरच्या तुलनेसाठी कामगारांचे नमुने भट्टी सुरू होण्याआधीच घेऊन ठेवायचे. ताजं जड पाणी जवळजवळ ट्रिशियममुक्त असतं, पण दुसऱ्या केंद्रातून आलेलं असेल तर पहिल्या भरणीपासूनच खबरदारी हवी. ट्रिशियमपासून वाचवणाऱ्या प्लास्टिक सूटला हवा पुरवणाऱ्या लायनी तपासताना एक चूक सर्रास होते. एकच सूट जोडून दाब बघतात आणि सही करतात. दुरुस्तीच्या वेळी सहा-आठ जण एकाच लायनीवर असतात. जेवढ्या जोडण्या आहेत तेवढे सूट एकदम जोडून सर्वांत लांबच्या टोकाला दाब मोजा.

एक काम मात्र आधी राहिलं तर नंतर कधीच करता येत नाही: परिसराची मूळ नोंद. माती, विहिरीचं पाणी, दूध, भाजीपाला, मासे यांत आधीपासून किती पोटॅशियम-40 आहे, जुन्या अणुचाचण्यांचं किती सीझियम आहे, हे ऋतूंप्रमाणे मोजून ठेवावं लागतं. तारापूरला 3 आणि 4 साठी हे अधिक अवघड होतं, कारण शेजारच्या 1 आणि 2 या भट्ट्या 1969 पासून चालू होत्या. त्यांचा वाटा धरूनच मूळ नोंद मांडायची.

माणसांच्या बाबतीत कामगाराची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 हून जास्त नाही. जनतेसाठी वर्षाला 1. टीएलडी बिल्ल्याचा आकडा नंतर हाती येतो, म्हणून तिथल्या तिथे वाचता येणारा डोसमीटर सोबत लागतोच. आणीबाणीच्या कपाटात स्थिर (किरणोत्सारी नसलेल्या) आयोडीनच्या गोळ्यांची मुदत बघा: प्रौढासाठी 130 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड किंवा 170 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडेट. कपाटाची किल्ली रात्रपाळीत कुणाकडे असते, हेही विचारा.

उरतं ते काँक्रीटच्या भिंतींचं कवच. पाइप आणि केबलींसाठी ठेवलेली भोकं आराखड्याशी ताडून बघता येतात, पण खरी परीक्षा भट्टी चालू झाल्यावरच होते. पाण्यातल्या ऑक्सिजनपासून बनणारा नायट्रोजन-16 सहा-सात मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण सोडतो आणि त्याचं अर्धायुष्य 7 सेकंदच असतं. भट्टी बंद केली की मिनिटा-दोन मिनिटांत तो संपतो. म्हणून शक्ती वाढवताना प्रत्येक टप्प्यावर थांबून, गॅमा आणि न्यूट्रॉन अशा दोन्ही मीटरनी प्रत्येक भोक, दार आणि सांधा फिरून मोजतात. पूर्ण शक्तीवरचं हे मोजमाप हाती येईपर्यंत खोल्यांवरच्या किरणोत्साराच्या पातळीच्या पाट्या तात्पुरत्याच समजायच्या.