एकाच ॲनिमेत (जपानी ॲनिमेशन मालिकेत) एका भागातली लढाई अंगावर काटा आणते आणि पुढच्या भागातली फिकी का वाटते?

कारण दोन्ही भाग बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांनी बनवलेले असतात. मालिकेचा मुख्य दिग्दर्शक एक असला, तरी स्टोरीबोर्ड म्हणजे दृश्यांचा चित्रांतला आराखडा काढणारा, त्या भागाचा दिग्दर्शक, चित्रं तपासून दुरुस्त करणारा ॲनिमेशन डायरेक्टर आणि मुख्य चित्रं काढणारे की-ॲनिमेटर दर भागाला बदलतात. लढाईत फरक लगेच उघडा पडतो, कारण ठोशाचं वजन, अंगाचा तोल, कॅमेऱ्याचं फिरणं हे सगळं की-ॲनिमेटरच्या हातात असतं.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण ‘वन पंच मॅन’चं. 2015 च्या पहिल्या सीझनला मॅडहाउस या स्टुडिओत दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांनी योशिमिची कामेदांसारखे तगडे ॲनिमेटर गोळा केले होते. 2019 च्या दुसऱ्या सीझनला स्टुडिओ जे. सी. स्टाफ आणि दिग्दर्शक चिकारा साकुराई. लढाया पाहताच फरक कळतो. ‘नारुतो’ मालिकेचा 133 वा भागही जमलेल्या लढाईसाठी बघा: दिग्दर्शन आत्सुशी वाकाबायाशी, की-ॲनिमेशनमध्ये नोरिओ मात्सुमोतो. म्हणून भाग संपल्यावरची नामावली वाचाच, तिथे उत्तर मिळतं.

मात्र फिक्या भागाचा दोष थेट कलाकारांना देऊ नका. वेळ कमी असेल तर उत्तम ॲनिमेटरचाही हात आखडतो. आणि एखादी फ्रेम थांबवून चेहरा वेडावाकडा दिसला म्हणजे काम वाईट असं नाही. ‘नारुतो शिप्पुडेन’च्या 167 व्या भागावर अशीच टीका झाली, पण ती चित्रं वेगात पाहण्यासाठी मुद्दाम ताणलेली आहेत.