दोघी मिळून सिल्क, म्हणजे वरून टांगलेल्या लांब कापडावर चढून करायच्या कसरती, शिकताय? मग हे करा

जायच्या आधी दोन तास पोट हलकं ठेवा. मिसळ परत येताना खा. अंगठ्या, बांगड्या घरीच. गुडघ्यामागचा भाग झाकणारी लेगिंग हवीच, नाहीतर कापडानं कातडी सोलवटते. हाताला तेल, क्रीम लावू नका, पकड सुटते.

सुरुवातीचे दिवस पायाच्या अडकवणीवरच घालवा. कापडाचा पायाला बाहेरून एक वेढा, मग दुसऱ्या पायानं तेच कापड उचलून पावलावरून आणायचं. पाऊल नडगीकडं वाकवून ठेवा. बोटं पुढं ताणली की वेढा निसटतो. पावलावर कळ आली तर समजा, कापडाची दोरी झालीय. तिथं ते पसरून घ्या.

एक वर असताना दुसरीनं मोबाईल बाजूला ठेवून नुसतं तिच्या पायाकडं बघावं, आणि गादी बरोबर खाली आहे ना तेही. हात बदलत उतरता येईल तेवढंच चढा. घसरत आलात तर तळहात भाजतात.