पंखांची पाणबुडी आणि वीस लाखांचे विमाछत्र

पिंपळे सौदागर येथील एक वाचक चाकणच्या कारखान्यात डिझाइन अभियंता आहेत. वय ४४, हातात येणारा पगार १ लाख २० हजार, शिवाय वर्षाला दीड लाख बोनस. गृहकर्ज ४२ लाख शिल्लक असून त्याचा हप्ता ४० हजार आहे. पत्नी गृहिणी, मुलगी दहावीत. सहा वर्षांपासून ते पंख असलेल्या एकआसनी पाणबुडीचे आराखडे करत आहेत आणि आता ती बांधण्यासाठी १२ लाख हवे आहेत. त्यासाठी वैयक्तिक कर्ज काढावे की मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात साठवलेले १४ लाख मोडावेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही करू नये. १२ टक्के दराने पाच वर्षांचे कर्ज म्हणजे महिना २७ हजारांचा हप्ता आणि एकूण परतफेड १६ लाख. घराचा हप्ता धरला तर निम्म्याहून अधिक पगार हप्त्यांतच जाईल. फंडातील पैसे दोन वर्षांत प्रवेशाच्या वेळी लागणार असल्याने त्यांना हात लावता येत नाही.

मात्र पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिलेल्या एका ओळीने मला अधिक अस्वस्थ केले: ‘विम्याची चिंता नाही, वर्षाला दोन लाखांची पॉलिसी आहे.’ दहा वर्षे दोन लाख भरायचे, विसाव्या वर्षी ३८ लाख मिळायचे आणि विमाछत्र २० लाखांचे. विक्रेत्याने याला नव्वद टक्के फायदा म्हटले. वीस वर्षांचा काळ लक्षात घेतला तर परतावा वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आत आहे. अशा तक्त्यावर एका कुटुंबवत्सल माणसाची सही घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण आपण उद्या नसाल तर हे २० लाख गृहकर्जाच्या निम्म्यालाही पुरणार नाहीत.

तीन हप्ते भरून झाले आहेत आणि कंपनीने सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यास मिळणारी रक्कम, ३ लाख कळवले आहे. भरलेल्या सहा लाखांतील तीन बुडाले, हे कटू आहे. पण ते वाचवण्यासाठी आणखी १४ लाख ओतणे योग्य नाही. हातचे ३ लाख आणि उरलेले सात हप्ते सात टक्क्यांनी वाढले तर त्याच मुदतीत सुमारे ४६ लाख होतात. म्हणून दीड कोटीचा मुदत विमा, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्यावा. निर्व्यसनी माणसाला या वयात त्याचा हप्ता वर्षाला ४० हजारांच्या आसपास पडावा. वाचणाऱ्या उरलेल्या रकमेतील वर्षाला दीड लाखापर्यंत पीपीएफमध्ये जावेत आणि सरेंडरचे ३ लाख अडीअडचणीसाठी बँकेत राहावेत.

मुदत विम्याच्या अर्जात हा छंद स्पष्ट लिहावा. पहिल्या तीन वर्षांत, लपवलेल्या माहितीवरून कंपनी दावा नाकारू शकते, आणि हा छंद लपवण्याइतका किरकोळ नाही. तीस मीटर खोलीवर साठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर पाण्याचा साडेआठ टनांचा भार येतो. आपल्या आराखड्यात पंख उलटे, म्हणजे चालताना पाणबुडीला खाली ढकलणारे आहेत आणि पाणबुडी पाण्यापेक्षा किंचित हलकी आहे, त्यामुळे मोटर थांबली तर ती आपोआप वर येईल, हे वाचून बरे वाटले. ब्रिटिश अभियंते ग्रॅहम हॉक्स यांच्या डीप फ्लाइट या पंखांच्या पाणबुड्यांचे तत्त्वही तेच. पण तरंगण्याचा हा गुण कवच फुटल्यावर उपयोगी पडत नाही. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेल्या टायटन पाणबुडीचे कवच चिरडले आणि पाच जण गेले.

आराखडे रिसॉर्टना विकून १२ लाख परत येतील, ही आशा हिशेबातून पूर्णपणे काढून टाकावी. आयुष्य या कामात घालवलेल्या हॉक्स यांच्या पाणबुड्याही मोजक्याच बनल्या. छंद म्हणून मात्र मला तो मोलाचा वाटतो. त्यासाठी दरवर्षीचा बोनस ठेवावा आणि आधी एकचतुर्थांश आकाराची, माणूस न बसवता चालणारी प्रतिकृती करावी. पाण्याखाली रेडिओ लहरी फार पोहोचत नाहीत, म्हणून ती तारेने जोडून चालवावी. पवना धरणात ती उतरवायची असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्यावी.

जुनी पॉलिसी बंद करण्याचे पत्र मात्र मुदत विमा मंजूर होऊन त्याची कागदपत्रे हाती आल्यावरच द्यावे.