साखळीवरून चढलेला साप आणि नारळ सोलणारा खेकडा

प्रश्न : शिडाच्या होडीतून वानुआतूच्या बेटांमध्ये फिरताना आम्हाला दोन विलक्षण प्राणी भेटले. एका पहाटे निळसर करड्या अंगावर काळे पट्टे असलेला साप नांगराच्या साखळीवरून चढून डेकवर वेटोळे घालून बसला होता. पुढे एका रात्री किनाऱ्यावर, विजेरीच्या उजेडात, मांजराएवढा खेकडा नारळाला बिलगलेला दिसला. त्यांच्यापासून धोका होता काय? आम्ही काय करायला हवे होते?

उत्तर : सापाचा वरचा ओठ पिवळा आणि शेपटी वल्ह्यासारखी चपटी असेल, तर ती पिवळ्या ओठांची सागरी मण्यार होय. तिचे विष मज्जासंस्थेवर घाला घालते आणि ते जहाल असते. मात्र स्वभावाने ती शांत असून, जाळ्यातून सोडवताना हाताळले जाणे यांसारख्या प्रसंगांखेरीज ती सहसा माणसाला चावत नाही. प्रवाळांच्या कपारींतल्या वाम माशांवर ती जगते, परंतु गिळलेले भक्ष्य पचवण्यासाठी, कात टाकण्यासाठी आणि अंडी घालण्यासाठी तिला कोरड्या जागेवर यावेच लागते. तुमचा डेक तिच्या लेखी एक खडक होता. तिला हात न लावता पाण्याकडची वाट मोकळी ठेवावी, आणि नांगर टाकून रात्र काढताना अनवाणी डेकवर जाण्यापूर्वी उजेड पाडून पाहावे, एवढे पुरे.

दुसरा पाहुणा मात्र, माझ्या मते, या बेटांवरचा सर्वांत नवलाचा जीव आहे. नारळ खेकडा हा जमिनीवर राहणाऱ्या संधिपाद (म्हणजे सांधे असलेल्या पायांच्या, खेकडे-कीटकांसारख्या) प्राण्यांमध्ये सर्वांत मोठा. त्याचे वजन 4 किलोपर्यंत भरते आणि पसरलेल्या पायांची रुंदी सुमारे 1 मीटर होते. तो सोडणाचा धागा न् धागा ओढून काढतो, नारळाचे डोळे उघडे पडले की त्यांतल्या एकात नांगी खुपसतो आणि मग करवंटी फोडतो. या कामाला त्याला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. जपानी संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत त्याच्या नांगीची पकड 1,765 न्यूटनपर्यंत आढळली, म्हणून बोट जवळ नेण्याचे धाडस कुणीही करू नये. आपण होऊन तो माणसाच्या अंगावर येत नाही.

हा प्रौढ खेकडा पाण्यात बुडवून ठेवला तर मरतो, कारण त्याचे श्वसन हवेवर चालते; मादी मात्र अंडी सोडायला लाटांच्या काठावर येते आणि पिल्लांचे पहिले काही आठवडे समुद्रात जातात. जमिनीवर आलेले पिल्लू शंखवासी खेकड्यांप्रमाणे रिकामा शंख पाठीवर घेऊन हिंडते आणि कवच टणक झाल्यावरच तो टाकते. वाढ इतकी संथ असते की तुम्ही पाहिलेला खेकडा कित्येक दशकांचा असू शकेल. मांसासाठी झालेल्या पकडीमुळे अनेक बेटांवरून तो नाहीसा झाला आहे, त्यामुळे कुणी तो शिजवून देऊ केला तरी कृपया नकार द्यावा. किनाऱ्यावरचे रिकामे शंखही होडीत भरून आणू नयेत. त्यांतला एखादा पुढच्या भरतीबरोबर येणाऱ्या पिल्लाला लागणार असतो.