गाऊनला खिसा शिवा, मग पावलं मोजा

प्रश्न : ताई, माझं वय ५४, राहायला नेरूळला. ब्रेस्ट कॅन्सरचं डाव्या बाजूचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं होऊन ७ महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत पण थकवा काही केल्या जात नाही. मुलगा पुण्याला असतो, त्याने फोनमध्ये पावलं मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं आणि टार्गेट ठेवलं १० हजार. रोज रात्री ९ ला टुंग वाजतं, आज फक्त २१४०, आणि पाठोपाठ त्याचा फोन, आई आज परत कमी का? एकदा जिद्दीने १० हजार पूर्ण केले तर पुढचे दोन दिवस पलंगावरून उठवेना. आता फोन कपाटात ठेवते. माझं चुकतंय का?

उत्तर : तुमचं नाही हो, त्या टार्गेटचं चुकतंय. १० हजार हा आकडा कुठल्या कॅन्सरच्या डॉक्टरने काढलेला नाहीये, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालायची टूम निघाली आणि १९६५ मध्ये तिकडे पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच मुळी ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं होतं, तोच आकडा जगभर चिकटला. केमोतून उठलेल्या बाईचा त्यात कुणी विचार केला नव्हता.

आणि मला सांगा, कपाटात जायच्या आधी तरी फोन दिवसभर कुठे असायचा? ओट्यावर नाहीतर चार्जिंगला, बरोबर ना? आपल्या गाऊनला खिसा कुठे असतो! म्हणजे गॅलरीतले कपडे काढले, कुंड्यांना पाणी घातलं, दारावर दूध घ्यायला गेलात, हे सगळं चालणं फोनच्या हिशोबात शून्य. आधी एक खिसा शिवून घ्या, मी गंमत नाही करत.

मग ७ दिवस काही वेगळं न करता फोन खिशात ठेवून नुसतं राहा आणि रोजचा आकडा कॅलेंडरवर लिहा, त्याची सरासरी हे तुमचं स्वतःचं टार्गेट. समजा २८०० आलं तर पुढच्या आठवड्यात ३१०० करा, ते अंगवळणी पडलं की अजून थोडं, आणि एखादा आठवडा जमलं नाही तर तिथेच थांबा, कुणी परीक्षा घेत नाहीये.

हा थकवा नुसता पडून राहून जात नाही, उलट जपून हळूहळू चाललं की कमी होतो, हे आता डॉक्टर लोकही सांगतात. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी यावर मोजमाप दिलं ते असं, आठवड्यातून ३ दिवस ३० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं आणि २ दिवस ताकदीचे व्यायाम. ३० मिनिटं सलग नकोत, तुमच्या नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेतल्या ट्रॅकवर १० मिनिटं चाला, बाक दिसलं की बसा, परत चाला. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. रात्री ९ चं टुंग बंदच करा, तेव्हा अंगात काय उरलेलं असतं? तेच सकाळी तुम्हाला बरं वाटतं त्या वेळेला लावा.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर पावलं मोजायचा बँड किंवा घड्याळ उजव्या हातात, आणि सैल. वजन उचलून डावा हात सुजेल म्हणून बायका पिशवीसुद्धा धरत नाहीत, पण २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवलं तर सूज वाढत नाही असं दिसलं. फक्त सुरुवात फिजिओसमोर करा, व्हिडिओ बघून नको. केमोत लाल औषध (डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन) होतं का ते फाइलमध्ये बघा, त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा वेग वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखणं, चक्कर, ताप, हाडात नवीन दुखणं, अचानक सूज, यातलं काही आलं तर त्या दिवशी अ‍ॅप काहीही म्हणू दे, चालायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

मुलाला सांगा, आकडा विचारू नकोस, फोटो माग. फ्लेमिंगो दिसले तर फ्लेमिंगो, नाहीतर भाजीवाल्याची मेथी. फोटोसाठी बाहेर पडावंच लागतं ना.

प्रश्न : वडील ७०, पाचपाखाडीत राहतात, मी घोडबंदर रोडला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची सर्जरी आणि केमो संपली. डॉक्टर म्हणाले चालत राहा, पण बाबांकडे बटणाचा फोन आणि स्मार्टवॉच म्हटलं की भडकतात. काय करू?

उत्तर : भडकू देत, बटणाचा फोन चालतो. २०२५ मध्ये याच कॅन्सरवरचा एक मोठा अभ्यास छापून आला, ८८९ पेशंट, सर्जरी आणि केमो झालेले. अर्ध्यांना ३ वर्षं व्यायामाचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांना माहितीची पुस्तिका. ५ वर्षांनी कॅन्सर न उलटता जगणारे पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ७४. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते, त्या लोकांच्या मागे वर्षानुवर्षं एक माणूस होता, भेटणारा, विचारणारा. तो माणूस तुम्ही व्हा.

बाबांना म्हणा, कचराळी तलावाला निघताना एक मिस्ड कॉल आणि घरी आल्यावर दुसरा. पैसे लागत नाहीत, चार्जिंगची कटकट नाही. केमोनंतर तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर चप्पल नको, मागून बंद असलेले बूट, आणि पावसात शेवाळ धरलेली फरशी टाळायची, त्या दिवशी घरातच फेऱ्या मारल्या तरी चालतील.

मिस्ड कॉल आला नाही तर तुम्ही लावा, पण चाललात का असं विचारू नका, चहा झाला का विचारा, बाकीचं ते स्वतःच सांगतील.